हूं, पुढं

झुंबररावांचा मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला चाळीस शब्द होता, आणि त्यातला एकही शब्द त्यांच्या डोक्यात शिरत नसे. हा दोष नव्हे, गुण, असं त्यांचं ठाम मत होतं. कच्चा टायपिस्ट मजकूर वाचत बसतो. पक्क्या टायपिस्टाचा मजकूर डोळ्यांतून निघतो तो थेट बोटांत उतरतो, वाटेत डोक्याला थांबा नाही. इंदापूरच्या ज्या हायस्कुलात ते बावीस वर्षं लेखनिक होते, तिथं एकदा त्यांनी एक कारणे दाखवा नोटीस तीन प्रतींत, एकही खाडाखोड न करता टाइप करून मुख्याध्यापकांच्या सहीला ठेवली. संध्याकाळी ती सही होऊन त्यांच्याच हातात पडली, तेव्हा त्यांना कळलं की नोटीस आपल्यालाच आहे. उशिरा येण्याबद्दल. सगळी शाळा हसली. झुंबररावांनी मात्र समास किती सरळ आलाय तेवढं पाहून घेतलं.

जगात त्यांना एकाच गोष्टीची लाज वाटे, ती स्वतःच्या नावाची. डाळजच्या धनगराचं घर, तिथं आढ्याला कंदील टांगायची मारामार, आणि पोराचं नाव काय तर झुंबर! गावात या नावाच्या दोन बायका होत्या, पुरुष हे एकटेच. शाळेत असताना पोरं त्यांना झुंबराबाई म्हणायची. त्या वयात एकदा रडत घरी येऊन त्यांनी वडिलांना विचारलं होतं, "आबा, माजंच नाव असलं बायकी का वं ठिवलं?" म्हस्कूआबांनी काठी उचलली. उठून मेंढरांकडं गेले. पुढं झुंबरराव मोठे झाले, नोकरीला लागले, घरातसुद्धा शुद्ध बोलायला लागले आणि अनोळखी माणसाला फक्त आडनाव सांगायला शिकले.

शहाण्णव साली शाळेला एका माजी विद्यार्थ्यानं कॉम्प्युटर दिला. तो ठेवायला स्वतंत्र खोली, खोलीबाहेर चपला काढायच्या, आत बोलायचं ते हळू. शिपाई सिद्धू रोज सकाळी त्याला हळदकुंकू लावी. मुख्याध्यापक विजयसिंह सर दिवसातून एकदा दारात उभे राहून लांबूनच दर्शन घेत. सोबत प्रिंटर आला होता, तो खराब होऊ नये म्हणून खोक्यातच ठेवला गेला. वापरायची वेळ आली तर ती झुंबररावांवर येणार, हे उघड होतं; म्हणून दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी सराव करावा असं ठरलं. टाइपरायटरवर अक्षरं जिथं होती तिथंच इथंही होती, तेव्हा बोटांना अडचण नव्हती. अडचण मजकुराची होती. सरावाला काहीतरी बोलणारं पाहिजे.

घरी फराळाची गडबड, म्हणून म्हस्कूआबा त्यांच्याबरोबर शाळेत यायचे. पंधरा वर्षांपूर्वी मेंढरं विकल्यापासून म्हातारा रिकामाच होता. झुंबरराव म्हणाले, "आबा, तुम्ही बोलत राहा, मी टाइप करतो."

"काय बोलू?"

"काहीही. मेंढरांचं बोला."

आबांनी पटका सारखा केला. मांडी घातली. इतक्या वर्षांत कुणी त्यांना मेंढरांचं विचारलं नव्हतं आणि आता खुद्द मुलगा विचारत होता. चार दुपारी आबा बोलले. डाळजहून कळप निघाला की कोकणात उतरेपर्यंतचे सगळे मुक्काम, कुणाच्या रानात मेंढरांचा वाडा बसायचा, कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठला ओढा फसवा. आबा थांबले की झुंबरराव पडद्यावरची नजर न काढता म्हणायचे, "हूं, पुढं." आबा पुढं बोलायचे. चौथ्या दिवशी झुंबररावांचा वेग बेचाळीसवर गेला आणि त्यांना फार समाधान वाटलं.

संक्रांत झाली आणि आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरला फक्त डावा हात. आणि त्या हातानं आबा दिवसभर एकच खूण करायचे: हात खाटेखाली सोडायचा, तळवा जमिनीपासून हातभर उंचीवर आडवा धरायचा, आणि मग बोट उचलून झुंबररावांकडं रोखायचं. पुन्हा तळवा, पुन्हा बोट. कुणाला काही उमगलं नाही की डोळ्यांतून पाणी.

अशा वेळी सल्ला द्यायला शेजारचे हिंदुराव होतेच. मुक्या जनावरांचं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची ख्याती होती, ती त्यांनीच पसरवली होती. खूण पाहून त्यांनी क्षणात निदान केलं, "कोकरू पायजे म्हाताऱ्याला. एवढं एवढं कोकरू." झुंबररावांनी सायकलवर दोन गावं फिरून एक कोकरू आणलं. आबांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तोंड भिंतीकडं करून रडायला लागले. "आनंद झाला बगा," हिंदुराव म्हणाले. दुसऱ्या दिवशी निदान बदललं, "पाट मागत्यात. बसायला." पाट आला. तिसऱ्या दिवशी हिंदुराव खाकरले आणि म्हणाले, "झुंबरराव, राग मानू नगा. एवढं एवढं म्हंजी नातू. बोट तुमच्याकडं हाय." त्या वेळी झुंबररावांचं वय पंचेचाळीस होतं आणि चुलीपाशी त्यांची बायको जयवंता उभी होती. तिनं हातातला तवा असा काही आपटला की हिंदुराव आठ दिवस फिरकले नाहीत.

हळूहळू घरात आबांच्या देखतच आबांबद्दल बोलायची सवय लागली. त्यांना आता काही कळत नाही, असं येणारा-जाणारा म्हणायचा, आणि झुंबरराव मान हलवायचे. एकट्या जयवंताला ते पटेना. एक दिवस ती म्हणाली, "अवो, दिवाळीत चार दिस मामंजी तुमच्यापाशी बोलत हुतं. काय बोललं?"

झुंबरराव विचार करू लागले. मेंढरं. विहिरी. आणि? त्यांना बेचाळीसचा वेग आठवत होता, दुसरं काही नाही.

"मी टाइप करत होतो," ते म्हणाले.

"म्हंजी ऐकत न्हवता," जयवंता म्हणाली, आणि भाकरी थापायला लागली.

ते वाक्य झुंबररावांच्या वर्मी लागलं. आबांना काय हवंय ते त्या चार दिवसांत असणार, आणि ते चार दिवस कॉम्प्युटरात होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेत जाऊन बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. सव्वीस जानेवारीला झेंड्याबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा झाली होती, त्यानंतर तो कुणी चालूच केला नव्हता.

दुरुस्ती बारामतीला. पण कॉम्प्युटर शाळेबाहेर न्यायला परवानगी पाहिजे, आणि परवानगीला अर्ज तीन प्रतींत. तो अर्ज झुंबररावांनी स्वतःच टाइप केला, शाळेच्या सामानाच्या जडसंग्रह नोंदवहीत नोंद शोधली: 'संगणक, नग एक.' विजयसिंह सरांनी आठवडाभर विचार करून सही दिली. मग सिद्धूनं आणि त्यांनी मिळून टीव्हीसारखा तो नग उचलला, आबांच्या घोंगडीत गुंडाळला आणि झुंबरराव तो मांडीवर घेऊन एसटीत बसले. पन्नास किलोमीटर. कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं. पलीकडच्या सीटवरची म्हातारी कितीतरी वेळ घोंगडीकडं बघत होती. शेवटी तिनं हळूच विचारलं, "लेकराला लई ताप हाय का वं?" झुंबररावांचा अपमान झाला. त्यांनी घोंगडी आणखी घट्ट गुंडाळली.

बारामतीत वैष्णवी नावाची पंचविशीची मुलगी कॉम्प्युटरचा क्लास चालवायची आणि दुरुस्तीही करायची. तिनं घोंगडी सोडली, मागचं झाकण उघडलं आणि आतून एक झेंडूची पाकळी काढली. "काका, यात पाणी कसलं गेलंय?"

"नारळाचं असेल," झुंबरराव म्हणाले. "समोरच फोडला होता."

तिला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. "हा मॉनिटर आता संपला. पण तुमचा मजकूर यात नाहीच. हा नुसता दाखवायचं काम करतो. कॉम्प्युटर कुठंय?"

"हाच."

"याच्याखाली चपटी पेटी होती ना?"

होती की. सगळी शाळा तिला पाट समजत होती.

आता पेटी आणायची तर पुन्हा परवानगी. पण नोंदवहीत पेटीची नोंदच नव्हती. विजयसिंह सरांनी नोंदवही दोनदा चाळली आणि चष्मा काढून म्हणाले, "जी वस्तू शाळेत नाहीच, ती बाहेर न्यायला मी परवानगी कशी देणार?" झुंबरराव तीन दिवस शाळा आणि शिक्षण खात्याचं कार्यालय असे हेलपाटे घालत राहिले. घरी आबांचा तळवा खालीच धरलेला असे, पण तो आता थरथरायला लागला होता, आणि बोट उचलेपर्यंत त्यांना दम लागत होता. शेवटी सिद्धू म्हणाला, "सायेब, न्हाय ती वस्तू नेली, तर गेली म्हून बोंब कोन मारनार?" हा मुद्दा कायद्याला धरून होता. दोघांनी दुपारच्या सुट्टीत पेटी बाहेर काढली.

पुन्हा एसटी, पुन्हा घोंगडी. वैष्णवीकडं शिकवणी चालू होती, म्हणून झुंबरराव पेटी मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसले. ती मुलांना सांगत होती, "की-बोर्डातून आत जातं ते इनपुट. आत विचार होतो तो पेटीत. बाहेर येतं ते आउटपुट. डोळ्यांना दिसलं तर मॉनिटर, कागदावर उमटलं तर प्रिंटर, कानाला ऐकू आलं तर स्पीकर."

झुंबररावांनी शाळकरी मुलासारखा हात वर केला. "आणि ही तिन्ही बंद पडली तर?"

"तर पेटीत सगळं शाबूत असतं, काका. तिला फक्त सांगता येत नाही. लोक म्हणतात मशीन गेलं, आणि भंगारात घालतात."

झुंबररावांनी मान खाली घातली. महिनाभर आबांच्या उशाशी बसून आपण काय काय बोललो ते त्यांना एकेक करून आठवायला लागलं. सरणाला लाकडं कुणाच्या रानातली आणायची, हेसुद्धा हिंदुरावांशी तिथंच बसून ठरवलं होतं. आबा ऐकत होते. सगळं ऐकत होते. झुंबररावांना तिथंच रडू आलं, आणि ते लपवायला त्यांनी पेटीवरची धूळ पुसायला घेतली.

शिकवणी सुटल्यावर वैष्णवीनं पेटीला आपला मॉनिटर जोडला. पडदा उजळला. फाइल उघडली. आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा सांडला, ना शब्द ना अर्थ. वैष्णवीनं पेटीच्या मागं हात फिरवला. "इथं अंगठ्याएवढं एक कुलूप असतं. ते असेल तरच हा प्रोग्रॅम मराठी दाखवतो. कुठंय ते?"

झुंबररावांनी शाळेत फोन लावला. बराच वेळ गेल्यावर सिद्धू फोनवर आला. "ते काळं, अंगठ्याएवढं? सव्वीस जानेवारीच्या हारात अडकून निघालं हुतं, सायेब. निर्माल्यासंगं उजनीच्या पाण्यात सोडलं. पायाखाली येऊ दिलं न्हाय, काळजी नगा करू."

वैष्णवीला वाईट वाटलं. नवीन कुलूप मागवायचं तर कंपनीला लिहायचं, महिना-दोन महिने जाणार. झुंबररावांना आबांचा थरथरता हात दिसत होता. ते म्हणाले, "असेल तसं छापून द्या." तिचा प्रिंटर कर्रकर्र करत चालला आणि कडेला भोकं असलेला कागद बाहेर यायला लागला, सलग, एकाला एक जोडलेली अकरा पानं. तिनं ती घडी घालून दिली आणि म्हणाली, "काका, वाचता नाही यायचं. तुम्ही ज्या कळा दाबल्या, तेवढंच यात आहे."

परतीच्या एसटीत झुंबरराव पेटी पायांशी ठेवून ती पानं मांडीवर घेऊन बसले होते. भिगवणच्या अलीकडं त्यांच्या लक्षात आलं की आपली बोटं हलताहेत. डोळे कागदावरचं एक इंग्रजी अक्षर पाहत होते आणि त्या अक्षराच्या कळेचं बोट आपोआप मांडीवर पडत होतं. आणि त्या कळेवर मराठीत काय आहे हे बोटाला बावीस वर्षं पाठ होतं. ते ताठ बसले. मांडीवर बोटं आपटत त्यांनी पहिली ओळ जुळवली: 'डाळजातनं निघालं की पयला मुक्काम...' शेजारच्या माणसानं जरा सरकून घेतलं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. ते कपडे न बदलता आबांच्या खाटेवर बसले, पानं मांडीवर पसरली, आणि खाटेच्या कडेच्या लाकडावर बोटं मारत मोठ्यानं वाचायला लागले. मिनिटाला चाळीस शब्दांचा माणूस मिनिटाला चार शब्दांवर आला. पण प्रत्येक शब्द आता बोटांतून वर चढून डोक्यात जात होता, मग तोंडातून निघत होता. आयुष्यात पहिल्यांदा झुंबरराव टाइप करताना ऐकत होते. आबांनी मान वळवली. आपलंच बोलणं मुलाच्या तोंडून येताना ऐकून त्यांचे डोळे मोठे झाले. जयवंता दारात पिठाच्या हातानं उभी राहिली.

मध्यरात्र उलटली तेव्हा सातव्या पानावर पणदरे गाव आलं.

'पणदऱ्याच्या शिवंला, वढ्याच्या काठावर एक करंज हाय. त्येच्या बुडी आमची पोर हाय. सव्वा वर्साची. तापानं गेली. मेंढरं थांबत न्हाईत, मंग आमीबी थांबलो न्हाय. दुपारी पुरली आन सांजच्याला म्होरं निघालो. तुजी आय वळून वळून बगत हुती. तवापस्नं दरसाल जाताना-येताना तितं मेंढीचं दूध वततो. मेंढरं विकली तरी यस्टीनं जात हुतो, कुनाला न सांगता. गेल्या साली गुडघ्यानं न्हाय जमलं. तुज्या आयनं मरताना सांगितलंय, पोरीला उपाशी ठिवू नगा. तिचं नाव तर तुला ठावंच हाय. झुंबर, तू जाशील न्हवं?'

झुंबररावांची बोटं थांबली. मग पुढच्या ओळीवर पडली.

'जाशील? बरं झालं. मोकळा झालो.'

ते 'हूं' म्हणाले होते. हूं, पुढं. आबांनी ते खरं मानलं होतं, आणि दिवाळीपासून ते वाट बघत होते. झुंबररावांनी पानं बाजूला ठेवली आणि वडिलांच्या पायावर डोकं टेकलं. "आबा, मी ऐकलंच न्हाय वं," ते म्हणाले. कितीतरी वर्षांनी त्यांच्या तोंडून घरची बोली निघाली.

मग त्यांनी विचारलं, "पन पोरीचं नाव काय? मला न्हाय ठावं, आबा."

आबांचा डावा हात खाटेखाली गेला. तळवा हातभर उंचीवर आडवा झाला. मग बोट उचललं आणि झुंबररावांवर रोखलं.

"व्हय आबा. मीच जातो. उद्याच जातो."

आबांनी मान नाही म्हणून हलवली. पुन्हा बोट रोखलं. झुंबररावांनी ते बोट दोन्ही हातांत धरलं आणि पुन्हा सांगितलं, "मीच जातो." आबांनी एकदा मुलाकडं पाहिलं, मग डोळे मिटले. त्या रात्री त्यांनी खूण केली नाही.

सकाळी मेंढीचं दूध मिळवायला झुंबरराव हायवेच्या कडेला बसलेल्या मेंढरांच्या एका वाड्यावर गेले. कशाला पाहिजे ते सांगितल्यावर तिथल्या धनगरानं लगेच मेंढी धरली आणि किटलीत दूध पिळलं. किटली छातीशी धरून झुंबरराव बारामतीला आले आणि तिथून पणदऱ्याला. याच रस्त्याच्या तोंडापर्यंत आपण काचेचा डबा आणि लोखंडाची पेटी मांडीवर घेऊन दोनदा आलो होतो, हे त्यांच्या मनातून जाईना.

ओढ्याच्या काठानं दोन्हीकडं डोक्याच्या वर ऊस होता. करंज सापडला. त्याच्या बुडाशी खाटेएवढी जागा न नांगरलेली, सारवलेली, आणि मध्ये चुना लावलेला एक दगड. झुंबरराव चपला काढून उभे राहिले. तेवढ्यात उसातून खुरपं घेतलेली एक म्हातारी बाहेर आली. बनाबाई, त्या रानाची मालकीण.

"कोन वं तुमी?"

"डाळजचा. म्हस्कू धनगराचा मुलगा."

बनाबाईंनी खुरपं खाली ठेवलं. "म्हातारं दोन वरीस आलं न्हाय. म्या म्हनलं, गेलं जनू."

"पडून आहेत. बोलता येत नाही."

"आगं बया." त्या दगडापाशी टेकल्या. "आमचं मालक म्हनायचं, हितं उसाच्या दोन सऱ्या निघत्याल. म्या नांगर येऊ दिला न्हाय. माज्या हातानं सारवते. तुमची आय हितं रडलेली म्या बगितलीया." झुंबरराव किटलीचं झाकण काढायला लागले. झाकण घट्ट बसलं होतं, निघेना. बनाबाई सांगतच होत्या, "म्हातारं आलं की ह्या दगडावर हात ठिवायचं आन हाक मारायचं. झुंबर, ऊठ बाय, दूध पी."

किटली हातातच राहिली.

"काय म्हणायचे?"

"झुंबर. पोरीचं नाव. तुमच्या आयनं हौसंनं ठिवलं हुतं. बहीन ना वं तुमची? आन नाव ठावं न्हाय?"

हातभर उंचीवर धरलेला तळवा. आणि मग आपल्याकडं रोखलेलं बोट. आबा महिनाभर नावच सांगत होते. नाही म्हणून मान हलवली, तेही त्यासाठीच.

झुंबरराव गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी दगडावर दूध ओतलं. सगळं ओतलं, किटली उलटी धरून शेवटच्या थेंबापर्यंत. बनाबाई थांबल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, "आन तुमचं वं? तुमचं नाव काय?"

आडनाव त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"तेच," ते म्हणाले.